'सात खोल्यांचं' देऊळ? नव्हे, सात खणांचं

प्रश्न असा: चीनच्या शान्शी प्रांतातल्या योंगल गोंग या ताओ मंदिरसंकुलाच्या वर्णनात मुख्य देऊळ 'सात खोल्या रुंद आणि चार खोल्या खोल' असं लिहिलंय. फोटोत मात्र आत एकच मोठं दालन दिसतं. मग खोल्या कुठे गेल्या?

त्या नव्हत्याच मुळी. मूळ चिनी शब्द आहे 'जियेन'. त्याचं चिन्ह बघा: दाराच्या दोन फळ्या आणि मधल्या फटीत सूर्य (जुन्या रूपात चंद्र). म्हणजे दोहोंमधली मोकळी जागा. इमारतीत ती दोन खांबांमधली. पुढे याच शब्दाला 'खोली' असाही अर्थ आला आणि भाषांतरकार तिथेच फसला. 'चार खोल्या खोल' लिहिताना तरी कान टवकारायला हवे होते!

आपल्याकडे याला चोख शब्द आहे: खण. टेबलाचा नव्हे, चोळीचाही नव्हे. 'पाच खणी घर', 'दहा खणांची माडी' यातला. सात खण रुंद म्हणजे दर्शनी बाजूला आठ खांब. खण सगळे सारखे नसतात, मधला सहसा सर्वांत रुंद.

मोजणी खांबांवरून का? कारण भार खांब-तुळयांवर असतो. 'भिंत पडली तरी घर पडत नाही' अशी चिनी म्हणच आहे. आपल्या जुन्या वाड्यांनाही ती लागू पडेल.

या देवळात आणखी एक मेख आहे. सात गुणिले चार खणांच्या हिशेबाने आत १८ खांब यायला हवेत, पण आहेत फक्त आठ, तेही मागच्या भागात. मूर्तींपुढची जागा मोकळी राहावी म्हणून बाकीचे गाळले. म्हणून तुम्हाला एकच दालन दिसलं. खण मोजायचे ते बाहेरच्या खांबांवरून.

संकुलाचं काम १२४७ साली सुरू झालं, हे देऊळ १२६२चं आणि त्यातली भित्तिचित्रं १३२५ची. १९५९पासून सानमेनशा धरणाच्या पाण्यामुळे सगळं संकुल सुटं करून सुमारे वीस किलोमीटरवर रुईचेंगजवळ पुन्हा उभारलं. लाकडाचे सांधे सुटले, जुळले. चित्रांच्या भिंती मात्र करवतीने कापून न्याव्या लागल्या.

बीजिंगच्या राजवाड्यात ९,९९९ खोल्या असल्याचं सांगतात ना, ते आकडेही जियेनचेच. तिथेही 'खण' वाचा.