उपवास केला, तरी ओढ का उरते?

प्रश्न : एकादशीला मी निराहार राहतो, तरी मन दिवसभर खाण्यातच असते. मग इंद्रियनिग्रहाचा उपयोग काय?

उत्तर : आपण निराहार राहता (साबुदाण्याची खिचडी चापत नाही), हेही थोडे नव्हे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ५९व्या श्लोकानुसार निराहार राहणाऱ्यापासून विषय (इंद्रियांना ओढणाऱ्या गोष्टी) दूर होतात, पण ‘रस’ उरतो आणि तो परतत्त्वाच्या, म्हणजे परमात्म्याच्या, दर्शनानेच मावळतो. शंकराचार्य येथे ‘रस’ म्हणजे विषयांविषयीची आसक्ती असा अर्थ घेतात. वरवरची पालवी खुडून मुळाशी पाणी घातले, तर झाड नष्ट कसे होईल, असे ज्ञानेश्वर विचारतात. अद्वैतमतात (आत्मा आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या मतात) हे मूळ म्हणजे अविद्या, अर्थात स्वतःच्या खऱ्या स्वरूपाचे अज्ञान. आत्मा स्वतःच पूर्ण असताना आपण स्वतःला अपुरे मानतो आणि म्हणून सुख बाहेर शोधत राहतो. निग्रहाने चित्त ज्ञानासाठी तयार होते. अविद्या मात्र ज्ञानानेच जाते.