पोत गहाण ठेवून फॉलोअर्स घेऊ नका

प्रश्न: रावेर तालुक्यातल्या एका गावात मी घरून केळीचे वेफर्स करते. मदतीला दोन बायका आहेत. महिन्याला साधारण १५० किलो माल जातो, किलोमागे ७० रुपये सुटतात. पुण्याच्या एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीने वर्षभराचं पॅकेज दिलंय: वेबसाइट, इन्स्टाग्राम, जाहिराती सगळं आत, १,८०,००० अधिक जीएसटी. गुगलच्या पहिल्या पानावर येण्याची गॅरंटी, १०,००० फॉलोअर्स आणि महिन्याला ५०० लीड, म्हणजे माल घेऊ शकणाऱ्या लोकांचे नंबर, असं म्हणतात. महिनाअखेरीपर्यंतच हा भाव आहे. ११,००० टोकन दिलंय. उरलेल्यासाठी मुलीच्या शिक्षणाची तीन लाखांची एफडी मोडू, की माझी पोत गहाण ठेवू? मुलगी अकरावीत आहे, एफडी १४ महिन्यांनी पिकते.

ताई, दोन्ही नको. एफडी की पोत, हा प्रश्न त्या सेल्सवाल्या पोराने तुमच्या डोक्यात घातलाय. पैसे कुठून आणायचे याची चर्चा सुरू झाली की पैसे द्यायचे हे आपोआप ठरूनच जातं. आपण एक पायरी मागे येऊ.

१,८०,००० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३२,४००. एकूण २,१२,४००. तुमची जीएसटी नोंदणी नसेल, तर हे ३२,४०० कुठेही वळते करून मिळत नाहीत, ते गेलेच. बाराने भागा: महिन्याला १७,७००. आणि तुम्हाला १५० किलोवर सुटतात १०,५००. म्हणजे तुम्ही आणि दोन बायका भट्टीपुढे महिनाभर उभं राहून जे कमावता, त्याच्या दीडपटीहून जास्त त्यांची फी. हा एक आकडा पाहूनच मी पेन खाली ठेवलं होतं. पण तुम्ही मनापासून विचारलंय, म्हणून पुढचंही लिहितो.

ऑनलाइन माल गेला की ७० चे ७० राहत नाहीत. खोका, बबल रॅप, कुरिअर, वाटेत झालेला भुगा, कॅश ऑन डिलिव्हरीत ‘घरी नाही’ म्हणून परत आलेलं पार्सल. ग्राहकाकडून कुरिअरचे थोडे पैसे घेतले तरी किलोमागे ५० उरतील असं धरू, आणि हेही मी हात सैल सोडून धरतोय. २,१२,४०० वसूल व्हायला ४,२४८ किलो वेफर्स जादा विकावे लागतील. महिन्याला ३५४ किलो. आत्ताचे १५० सोडून. एवढं तळायला दुसरी भट्टी लागेल, आणखी बायका लागतील, त्याचा खर्च वेगळाच. आणि हे सगळं करून वर्षाअखेरीस तुमच्या हातात नफा किती? शून्य. तुम्ही फक्त एजन्सीची फी फेडलेली असेल.

आता त्यांच्या तीन आश्वासनांकडे बघू.

पहिल्या पानाची गॅरंटी. गुगल स्वतःच आपल्या मार्गदर्शनात लिहितं की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही. मग हे लोक दाखवतात काय? मोबाइल तुमच्यापुढे धरतात आणि शोधतात, समजा, ‘घरगुती केळी वेफर्स रावेर तालुका’, नाहीतर थेट तुमच्याच ब्रँडचं नाव. वर तुम्हीच दिसता. कारण तो शब्द तुम्ही आणि ते सोडून जगात कुणी शोधतच नाही. पुण्यातली बाई ‘उपवासाचे वेफर्स’ शोधते. तिथे तुम्ही कितव्या पानावर आहात, ते विचारा. दुसरी युक्ती म्हणजे पैसे देऊन लावलेली जाहिरात ‘पहिला नंबर’ म्हणून दाखवायची. त्या ओळीवर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. पैसे थांबले की ती ओळ संध्याकाळपर्यंत गायब.

दहा हजार फॉलोअर्स. हे विकत मिळतात आणि स्वस्तात मिळतात. धुळ्याच्या एका मसालेवाल्याचं खातं त्याच्या दुकानात बसून मी उघडून पाहिलं. फॉलोअर्सची यादी खाली सरकवत गेलो: फोटो नाही, पोस्ट शून्य, नावं अशी की उच्चारताही येईनात, आणि प्रत्येक जण चार-पाच हजार लोकांना फॉलो करणारा. यातलं कुणी काळा मसाला मागवणार होतं का? तो स्वतःच म्हणाला, ‘पैसा गयात ना भाऊ, फॉलोअर ऱ्हायनात.’ म्हणजे पैसे गेले, फॉलोअर तेवढे राहिले.

लीडबद्दल मी जरा जास्तच कडवट आहे, कारण इथे मी स्वतः भाजलोय. काही वर्षांपूर्वी माझ्या ऑफिससाठी मी एका एजन्सीकडून लीडचं पॅकेज घेतलं. एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा पैसे गुंतवण्यात, रस असलेल्या माणसांचे नंबर मिळणार होते. एक्सेलमध्ये साठ नंबर आले, फार नीटनेटके. पहिला फोन भुसावळच्या एका रिक्षावाल्याला लागला. त्याने कर्ज मिळेल म्हणून कुठलासा फॉर्म भरला होता. ‘साहेब, लोन किती देणार?’ हाच त्याचा पहिला प्रश्न. पुढच्या दहाजणांत चौघांनी तोच प्रश्न विचारला, दोन नंबर बंद होते. एजन्सीला विचारलं तर उत्तर आलं, ‘सर, लीड देणं आमचं काम, क्लोज करणं तुमचं.’ करारात तसंच लिहिलं होतं. लीड म्हणजे काय, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. लोकांना हिशेब शिकवणारा मी, सही करताना ती ओळ वाचली नाही.

पण ताई, या तिन्हीपेक्षा मला जास्त खटकतं ते पत्रातलं ‘सगळं आत’. जाहिरातीचे पैसे आणि एजन्सीची मजुरी एकाच आकड्यात कोंबली की गुगल-फेसबुकला किती गेले आणि यांच्या खिशात किती राहिले, हे तुम्हाला कधीच कळत नाही. जाहिरातीवर जितकं कमी खर्च करतील तितकं त्यांचं सुटतं. म्हणजे तुमचा फायदा आणि त्यांचा फायदा उलट्या दिशेला. अशा करारात माणूस चांगला असला तरी त्याचा हात आखडतोच. महिन्याच्या शेवटी येतो तो रंगीत पीडीएफ: इम्प्रेशन्स (जाहिरात किती वेळा दिसली) दोन लाख, रीच (किती जणांना दिसली) चाळीस हजार. खर्च किती झाला आणि ऑर्डर किती आल्या, हे दोन रकाने नेमके नसतात. स्क्रीनशॉटवर तारीखही कापलेली असते.

दुसऱ्यांच्या जाहिराती चालवणाऱ्या एजन्सींसाठी गुगलचे स्वतःचे नियम आहेत. ग्राहकाला निदान महिन्यातून एकदा क्लिक, इम्प्रेशन आणि खर्च कळवायचा, मॅनेजमेंट फी वेगळी घेत असाल तर लेखी सांगायचं, आणि ग्राहकाने मागितला तर जाहिरात खात्याचा कस्टमर आयडी द्यायचा. तेव्हा तुम्ही एवढंच विचारा: ‘१,८०,००० पैकी जाहिरातीवर किती, आणि खातं माझ्या नावावर असेल का?’ उत्तरात ‘मॅडम, ते टेक्निकल आहे’ आलं, तर मला फोन करायचीही गरज नाही.

नावाचा मुद्दा साधा वाटतो, पण लोक खरे अडकतात ते इथेच. वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा पत्ता, एजन्सीच्या नावावर, गुगलवरच्या दुकानाच्या नोंदीची मालकी त्यांच्या ईमेलवर, इन्स्टाग्रामचा पासवर्ड त्यांच्याकडे. करार मोडायला गेलात की ‘ट्रान्सफर चार्ज’ मागतात. शेत तुमचं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा प्रकार. डोमेनला वर्षाला साधारण हजाराच्या आसपास लागतात आणि गुगलवरची दुकानाची नोंद तर फुकट आहे. दोन्ही आधी तुमच्या ईमेलवर करून घ्या. मग कुणालाही काम द्या, पण ‘मॅनेजर’ म्हणून. मालक तुम्ही. ‘गुगलमधून बोलतोय, तुमची नोंद बंद होतेय, पैसे भरा’ असे फोनही येतात. ते सरळ ठेवून द्यायचे.

सगळ्या एजन्सी चोर आहेत असं मी म्हणत नाही. जळगावात नीट काम करणारी पोरं मला माहीत आहेत. त्यांची एक खूण सांगतो: तुमचा नफा किलोमागे किती, हे ती पहिल्या भेटीतच विचारतात. तुमचे ७० रुपये ऐकून त्यांच्यातला कुणीही म्हणाला असता की एवढ्या कमी नफ्यावर वर्षभराची फी झेपायची नाही.

आता पैशाचं. एफडी मुदतीआधी मोडलीत तर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. तीन लाखांवर ते वर्षामागे दीड ते तीन हजारांचं प्रकरण, त्याने कुणी बुडत नाही. खरा प्रश्न असा की १४ महिन्यांनी मुलीची बारावी होऊन प्रवेश सुरू झालेले असतील आणि ती फी टळणारी नाही. पोतीचं म्हणाल तर सोनंतारण बँकेत ९-१० टक्क्यांच्या आसपास मिळतं, काही फायनान्स कंपन्यांत त्याच्या दुपटीनेही. आजारपणात, पेरणीच्या अडचणीत पोत ठेवलेली मी समजू शकतो. सोनं पुन्हा सुटतं, कारण मागे पीक असतं. इथे मागे फक्त पीडीएफ आहे. पुढेमागे खरंच गरज पडली तर एफडी न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याजाने. ते लक्षात असू द्या, पण या कामासाठी नको.

तुम्हाला ऑनलाइन जायचंच आहे, आणि ती इच्छा चुकीची नाही, तर असं करा. श्रावणाच्या तीन आठवडे आधी सुरुवात करा. वेफर्सला खरा उठाव तेव्हाच असतो. किसणीवरून चकत्या थेट कढईत पडतात ना, तेवढाच अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ स्वतःच्या मोबाइलवर घ्या. रोज १५० रुपयांची जाहिरात, ३० दिवस, तुमच्याच खात्यातून: ४,५०० आणि जीएसटी धरून ५,३१०. ती पिंपरी-चिंचवड, नाशिक, कल्याण इथे दाखवा. आपली खान्देशी माणसं तिथे भरपूर आहेत, त्यांना रावेरच्या केळीची ओळख करून द्यावी लागत नाही. सुरतेत तर उधना-लिंबायतकडे अर्धा खान्देश राहतो, पण थांबा. ते गुजरात. वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, ती मर्यादा दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर चालत नाही, पहिल्या ऑर्डरपासून जीएसटी नोंदणी लागते. तुमच्या एजन्सीने सुरत आणि इंदूरची स्वप्नं दाखवली असतील, तर हेही सांगितलं का, ते आठवा.

ऑर्डर किमान दोन किलोची ठेवा, म्हणजे एका ऑर्डरला १०० रुपये सुटतील. ५४ ऑर्डर आल्या की जाहिरातीचा खर्च निघाला. वहीत तीन रकाने आखा: तारीख, किती किलो, कुठून कळलं. महिनाभरात २५ ही आल्या नाहीत तर जाहिरात बंद, आणि तेच कष्ट पुण्या-नाशिकच्या चार किराणा दुकानदारांना नमुना पाठवण्यात घाला. २५ ते ५० आल्या तर नवरात्रापर्यंत थांबून बघा, त्यांतले किती जण परत मागवतात. हे पैसे महिन्याच्या कमाईतून जायचे, एफडीला हात नाही.

टोकनचे ११,००० परत मागा. फोनवर नको, ईमेलवर लिहा, यूपीआयची पावती जोडा. ‘तुम्ही धंदेवाले, ग्राहक नाही’ असं ते म्हणतील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली सेवा वगळली आहे खरी, पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली धरली आहे. तुमचं म्हणणं तिथे मांडता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. नाहीच मिळाले तर अकरा हजार गेले असं समजा, पण ते वाचवायला आणखी दोन लाख घालू नका. आणि पुढच्या तारखांचे चेक मागितले तर एकही सही करू नका. चेक बाउन्स झाला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी केस तुमच्यावर होते, काम झालं नाही हे सांगायला मग कोर्टात उभं राहावं लागतं.

एक काम राहिलं. सावदा किंवा रावेरच्या कुरिअरवाल्याकडे दोन किलोचा खोका भरून न्या, पुण्याचा आणि नाशिकचा दर विचारा, आणि मला कळवा. किलोमागे ५० सुटतात हे मी अंदाजाने धरलंय. ते ३० निघाले, तर वरचा जाहिरातीचा हिशेबही नव्याने मांडावा लागेल.