माकडतापानंतर वडील हॉस्पिटलमधून घरी आलेत, रिपोर्ट चांगले आहेत, तरी पूर्वीसारखे का होत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की वडील दोडामार्ग तालुक्यात गावी असतात, माकडताप, म्हणजे गोचिडीच्या चाव्याने होणारा विषाणूचा ताप, येऊन पंधरा दिवस झाले, चार दिवसांपूर्वी डिस्चार्ज मिळाला. विहिरीपर्यंत गेले तरी दमतात, कप धरताना हात थरथरतो, आणि काजू पडायला लागल्यामुळे बागेत जायचा हट्ट धरून बसलेत. त्यांना मुंबईला आणावं का, असंही तुम्ही विचारलंय.

आधी हाताच्या थरथरीबद्दल बोलते, कारण बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही. अशक्तपणामुळेही हात कापतो हे खरं. पण माकडतापात थरथर हे दुसऱ्या फेरीचंही, म्हणजे आजार पुन्हा उसळल्याचंही, लक्षण असू शकतं, आणि कापणं कशामुळे आहे ते घरी बसून ठरवता येत नाही. आजच डॉक्टरांना फोन करून सांगा आणि त्यांना दाखवून घ्या.

मला हा आजार काजूच्या हंगामातच झाला होता. गोव्यातल्या हॉस्पिटलात होते, ताप उतरला, प्लेटलेट वर आल्या, घरी पाठवलं. सगळ्यांना वाटलं, सुटली. जाऊ तर म्हणायचीसुद्धा, "रिपोर्ट बरो इलो मा, मगे अजून आडवी कित्याक?" आणि मग एका दुपारी डोकं पुन्हा ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधुक दिसायला लागलं, आणि मी तिलाच माझ्या आईच्या नावाने हाका मारू लागले. मला स्वतःला यातलं काहीच कळत नव्हतं. तिने ते ओळखलं, घरच्यांनी लगेच गाडी काढली, आणि मी वाचले. म्हणून सांगते, रोग्याच्या "मी बरा आहे" या शब्दावर या दिवसांत विसंबू नका. त्यांना ओळखणारं कुणीतरी दिवसरात्र जवळ हवं.

माकडतापात शंभरातल्या साधारण दहा ते वीस जणांना असं होतं. पहिला ताप उतरतो, आठवडा-दोन आठवडे बरे जातात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला आजार पुन्हा उसळतो, या वेळी मेंदूकडे. ताप परत येणं, सहन न होणारी डोकेदुखी, मान आखडणं, असंबद्ध बोलणं, सारखी गुंगी, नजर कमी होणं, झटके. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा. घाबरवायला हे लिहीत नाही. दुसरी फेरी आलेली माणसंही बहुतेक बरी होतात, पण वेळेवर पोचली तर. या विषाणूवर खास असं औषध नाही. सलाइन, रक्तदाब सांभाळणं, रक्तस्राव आणि झटके आटोक्यात ठेवणं एवढंच करता येतं, आणि ते हॉस्पिटलातच होतं. तुमच्या वडिलांचा पंधरावा दिवस आहे, म्हणजे जपायचा काळ नेमका आता सुरू झालाय.

म्हणूनच त्यांना लगेच मुंबईला आणू नये असं माझं मत आहे. घाटातून रात्रभराचा प्रवास आत्ता नको. हा आठवडा-दोन आठवडे त्यांनी जिथे उपचार घेतले त्या डॉक्टरांच्या आवाक्यात राहणं जास्त महत्त्वाचं. पुढे आणलंत, तर डिस्चार्ज कार्ड आणि रक्ताचे रिपोर्ट सोबत घ्या आणि डॉक्टरांना "केएफडी, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज" असं पूर्ण नाव सांगा. मुंबईच्या दवाखान्यात ताप आणि कमी प्लेटलेट म्हटलं की डेंग्यू आधी डोक्यात येतो, आणि हे दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेतही. पण डेंग्यू डासाने होतो, हा गोचिडीने. आणि दुसऱ्या फेरीवर नजर ठेवायची हे नाव कळल्याशिवाय सुचणार कसं? हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला 1957 मध्ये, कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा. विषाणू शोधून काढला तो पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही). पुढे 2015 मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात काजूच्या बागांत काम करणारे आजारी पडले, 2016 मध्ये आमच्या दोडामार्गात रुग्ण निघाले. त्यामुळे इथले डॉक्टर हा आजार ओळखतात, शहरात तसं धरून चालू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. रिपोर्ट चांगला म्हणजे रक्त सुधारलं. अंगात ताकद यायला त्यानंतर वेळ लागतो. दुसरी फेरी आली नाही तरी हा अशक्तपणा महिनाभर सहज टिकतो, आणि ज्यांना ती फेरी येते त्यांचं आणखी लांबतं. मला अंगणातून मागच्या पडवीत जाताना भिंतीचा आधार लागायचा. पोटऱ्या दुखायच्या. कारण नसताना रडू यायचं, आणि हे कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून मला ते फार लागलं. वडील चिडचिड करत असतील किंवा गप्प गप्प असतील तर तो आजाराचाच भाग समजा, स्वभाव बदलला म्हणून रागावू नका. दोन-तीन महिन्यांनी केसही मुठीने गळू शकतात. मोठ्या तापानंतर असं होतं आणि केस परत येतात.

चालणं रोज थोडं वाढवावं, पण माप कोणतं? मला डॉक्टरांनी एक साधी खूण दिली होती: आज केलेल्या कामाने उद्या सकाळी उठताना जास्त गळाल्यासारखं वाटलं, तर ते काम जास्त झालं, दोन दिवस कमी करायचं. दम लागेपर्यंत न थांबता त्याआधीच बसायचं. उठताना आधी खाटेच्या कडेला जरा बसून मग उभं राहायला सांगा, कारण रक्तदाब खाली राहिलेला असतो आणि चक्कर येऊन पडणारी माणसं मी पाहिली आहेत. मोटारसायकल सध्या अजिबात नको.

खाण्याचं फार स्तोम करू नका. तोंडाला चव नसते, म्हणून उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, मुगाची आमटी, पचेल तसं अंडं आणि मासे, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. पाणी भरपूर. अंगदुखीसाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल, त्यापलीकडे दुकानातून विचारून आणलेली दुखण्याची गोळी नको; त्यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो. गावात कुणी झाडपाल्याचा काढा आणून देईल, प्रेमानेच देईल, पण या आजारात यकृतालाही मार बसलेला असतो, त्याच्यावर आणखी ओझं कशाला? याच कारणाने हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, तीही बंद. हंगाम हुर्राकाचाच आहे, शेजारी आग्रह करतील, "वायच घे, अंगात ताकद येतली" म्हणतील. तुम्ही फोनवरून आधीच सगळ्यांना बजावून ठेवा. प्लेटलेट आणि यकृताची तपासणी पुन्हा कधी करायची, ते डॉक्टरांना विचारून तारीख लिहून घ्या.

शेजारपाजारचे लांब राहत असतील तर त्यांना सांगा की हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. वडिलांचं ताट वेगळं करायची, नातवंडांना दूर ठेवायची काहीच गरज नाही. आमच्याकडे लोक उंबऱ्याबाहेरूनच चौकशी करून जायचे. आजारी माणसाला ते फार बोचतं.

आणि काजू. वडिलांचा जीव बागेत अडकलाय, त्यांची तळमळ मला समजते, वर्षाचं उत्पन्न दोन-तीन महिन्यांत जमिनीवर पडत असतं. पण या अंगाने उन्हात वाकून बिया वेचणं त्यांना झेपणार नाही, आणि दुसरी फेरी बागेत एकटं असताना आली तर कुणाला कळणारही नाही. या वर्षी दुसऱ्याकडून वेचून घ्या, मजुरी जाईल ती जाऊ दे. शक्य असेल तर तुम्हीच चार दिवस रजा काढून जा. पैसे पाठवण्यापेक्षा त्यांना याने जास्त बरं वाटेल.

जो कुणी बागेत जाईल त्याने मात्र जपलं पाहिजे. चावतात त्या गोचिडी बहुतेक पिल्लं असतात, इतकी बारीक की अंगावर दिसतही नाहीत, आणि बसलेली असतात पातेऱ्यात, म्हणजे झाडाखाली पडलेल्या सुक्या पानांत. आरोग्य केंद्रातून मिळणारं अंगाला लावायचं तेल लावून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, पायजम्याची टोकं मोज्यात खोचूनच आत शिरावं. जेवायला पातेऱ्यावर बसू नये. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, आणि साबणाने अंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, कारण त्याच्या अंगावरच्या गोचिडी आजूबाजूला पसरतात. लांबूनच आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचं. पूर्वी कर्नाटकात दिली जायची ती लस आता बंद आहे, त्यामुळे एवढंच आपल्या हातात आहे.

फोन आधी करा. डॉक्टर थरथरीबद्दल काय म्हणाले ते इथे लिहा, मी रोज पाहते.