हात रिकामा वाटला पाहिजे
वाचकांचे प्रश्न : हातचलाखी

प्रश्न : तळव्यात नाणं लपवायला जमतं, पडत नाही. तरी समोरच्याला लगेच कळतं की या हातात काहीतरी आहे. नाणं बदलू का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : पकड जमली आहे, पण बहुधा गरजेपेक्षा घट्ट. मग अंगठा ताठ होतो, करंगळी उचलली जाते आणि हात आखडलेला दिसतो. लोकांना नाणं दिसत नसतं, हाताचं अवघडलेपण दिसतं.

नाणं मधलं बोट आणि अनामिका यांच्या टोकांवर ठेवा, वरून अंगठा नुसता टेकवा. हात वळत असतानाच ही दोन बोटं मिटून नाणं तळव्याच्या मध्यावर दाबायचं आणि बोटं लगेच सैल सोडायची. नाण्याची एक कड अंगठ्याच्या उंचवट्याला अडते, समोरची करंगळीखालच्या उंचवट्याला. अंगठा केसभर आत आला की पुरे. नाण्याखाली किंचित फट राहते, ती राहू द्या.

दहा रुपयांचं नाणं २७ मिमी व्यासाचं, सुमारे ७.७ ग्रॅमचं, सुरुवातीला तेच बरं. विसाचंही २७ मिमीच आहे, पण बारा कडांचं. ते धरून छान राहतं, सोडताना मात्र कोपरा अडतो. परदेशी पुस्तकांतली वर्णनं बहुतेकदा ३०.६ मिमीच्या अमेरिकी हाफ डॉलरवर बेतलेली असतात. आपलं नाणं लहान, म्हणून चित्रातल्यासारखा हात सपाट ठेवला की ते निसटणारच. तळवा थोडा जास्त खोलगट लागतो.

नाणं लपवून त्याच हाताने पेन उचला, सही करा, दाराची कडी काढा. मग रिकाम्या हाताने तेच करा आणि दोन्हींचं मोबाइलवर चित्रण करून बघा. फक्त आरशावर विसंबू नका. नाणं चोरून लपवण्याच्या नेमक्या क्षणी आपलीच पापणी मिटते आणि चूक दिसत नाही. सराव पलंगाशी उभं राहून करा, म्हणजे पडलेलं नाणं शोधत बसावं लागणार नाही.

प्रश्न : गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात पंधरा मिनिटं मिळाली आहेत. प्रेक्षक तिन्ही बाजूंनी असतात. पत्ते गायब करावेत की नाणी?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : नाणी. पत्ता पंजामागे लपवण्याचा प्रकार कालिदास कलामंदिरासारख्या समोरासमोरच्या रंगमंचासाठी ठीक आहे. मांडवात बाजूला बसलेल्या पहिल्याच पोराला तो दिसेल, आणि ते पोर गप्प बसणार नाही.

हवेतून एकेक नाणं काढून भांड्यात टाकण्याचा खेळ घ्या. अमेरिकी जादूगार टी. नेल्सन डाउन्स याने तो गाजवला. डाव्या हाताने भांड्याची कड धरायची. चार बोटं आत, अंगठा बाहेर. आतल्या बोटांखाली आठ नाण्यांची चळत, जाडी साधारण दीड सेंटिमीटर. उजव्या हातात एकच नाणं. ते हवेत प्रकट होतं, भांड्यात टाकल्यासारखं करताना तळव्यात राहतं आणि त्याच वेळी डावा हात चळतीतलं एक सोडतो. इथे सगळा खेळ आवाजाचा आहे. नाणं उशिरा वाजलं तर लोकांची नजर डाव्या हाताकडे जाते. आधी वाजलं तर पंचाईतच. तिसऱ्या-चौथ्या नाण्याला भांडं खरोखर उपडं करून नाणी दाखवा, संशय फिटतो.

भांडं भांडी बाजारात वाजवून घ्या. पितळेचा नाद लांबतो, स्टीलचा पटकन तुटतो. मांडवातल्या गोंगाटात पितळ बरं. प्लास्टिकची बादली नको. मंचाच्या अगदी कडेवर उभे राहू नका, चार-पाच फूट मागे सरका, म्हणजे बाजूच्या नजरा आपोआप समोर येतात. पाठीमागचा हॅलोजन बंद करायला सांगा.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत पत्त्यांचा पंखा नीट उघडत नाही, पत्ते निसटतात. पावसाळ्यात उलट चिकटतात.
– एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : नाशिकच्या थंडीत कातडी कोरडी पडते, दोष पत्त्यांचा नसतो. ग्लिसरीनच्या एक-दोन थेंबांत तेवढंच पाणी घालून बोटांना चोळा, दहा मिनिटांनी पुसा, मगच पत्ते हातात घ्या. खोबरेल अजिबात नको. कडेतून आत शिरतं आणि जोड कायमचा जड होतो. पावसाळ्यात कागदी पत्ते दमट हवा शोषून वाकतात. सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डब्यात, वजनाखाली ठेवा. अख्खे प्लास्टिकचे पत्ते टिकतात, पण उसळी जास्त असल्याने पंजामागे धरलेला पत्ता झटकन बाहेर येतो. हात लहान असेल तर ६३ मिमी रुंदीच्या पोकर मापाऐवजी ५७ मिमीचा ब्रिज मापाचा जोड घ्या.

प्रश्न : जादूटोणाविरोधी कायद्याची अडचण येईल का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : करमणुकीच्या प्रयोगाला नाही. २०१३ च्या या कायद्याचा रोख चमत्काराचा दावा करून लोकांना फसवण्यावर, त्यातून पैसे उकळण्यावर आहे. ‘ही हाताची सफाई आहे’ एवढं सुरुवातीला सांगून टाका. त्याने टाळ्या कमी पडत नाहीत. फक्त अंगात येण्याचा आव आणि अंगारा-विभूतीचे खेळ कार्यक्रमातून वगळा.