विहिरीवरचा प्रेशर पंप सारखा चालू-बंद होतोय, प्लंबर टाकी बदला म्हणतोय. खरंच बदलावी लागेल का?

तुम्ही लिहिलंय की नळ उघडला की पंप सुरू होतो, दोन सेकंदांत बंद पडतो, परत सुरू होतो, आणि प्लंबरने न उघडताच पंपाला जोडलेली 24 लिटरची प्रेशर टाकी गेली म्हणून सांगितलं. नवीन टाकी आणायच्या आधी जुनीतली हवा तपासा. कुडाळजवळच्या आमच्या घरी तीन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. टाकी अजून तीच आहे.

या टाकीच्या आत रबराचा फुगा असतो. पाणी फुग्यात जातं, आणि फुगा व पत्रा यांच्यामध्ये हवा असते. पाणी दाबून आवळत नाही, हवा आवळते. पंप थांबल्यावर नळाला पाणी ढकलते ती ही हवाच. हवा भरपूर असेल तर 24 लिटरच्या टाकीतून साधारण 8 लिटर पाणी पंप न लागता मिळतं, म्हणजे अर्धी बादली. हवा गेली की गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या डायलचा, काटा क्षणात वर जातो, क्षणात खाली येतो. दर वेळी मोटरला सुरू होण्याचा झटका बसतो, दाब बघून पंप चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचचे पॉइंट जळतात. म्हणून हे असं चालवत राहू नका, मोटर जाईल.

तपासायचं असं. पंपाचा एमसीबी खाली करा. जवळचा नळ उघडून गेज शून्यावर येऊ द्या आणि नळ उघडाच ठेवा. हे टाळलंत तर हवेऐवजी पाण्याचाच दाब मोजाल आणि सगळं ठीक वाटेल. आमच्याकडे आधी आलेल्या मिस्त्रींनी नेमकं तसंच मोजलं होतं. मग टाकीच्या मागच्या बाजूची प्लास्टिकची टोपी काढा. आत स्कूटरच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह आहे. त्याची पिन खिळ्याने दाबा. हवा आली किंवा काहीच आलं नाही, तर सायकलच्या पंपाने हवा भरून बघा. पंप गेजवर 20 पीएसआयला (हे दाबाचं माप) सुरू होत असेल तर हवा 18 ठेवायची, म्हणजे सुरू होण्याच्या आकड्यापेक्षा 2 कमी. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं.

मी पिन दाबली तेव्हा तांबूस पाण्याची चिळकांडी थेट मनगटावर आली. पाणी आलं म्हणजे फुगा फाटलेला. पुढच्या फ्लँजचे, म्हणजे टाकीच्या तोंडावरच्या गोल झाकणाचे, सहा नट सोडून फुगा ओढून काढला. तोंडापासून चार बोटांवर, जिथे घडी पडते तिथे, नखाएवढी चीर होती. हवा वर्षानुवर्षं कमी राहिली की फुगा गरजेपेक्षा जास्त ताणतो, पत्र्यावर घासतो आणि असा चिरतो. दोष टाकीचा नव्हता, हवा कोणी बघितलीच नव्हती.

फुगा वेगळा विकत मिळतो. जुना सोबत घेऊन दुकानात जा, तोंडाचं माप जुळलं पाहिजे. बसवताना तेल-ग्रीस अजिबात लावू नका, फुग्याचं ईपीडीएम जातीचं रबर तेलाने फुगून खराब होतं. साबणाचं पाणी पुरतं. नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, नाहीतर फ्लँज एका बाजूने गळत राहतो. आणि हवा आधी भरा, पंप नंतर सुरू करा.

टाकी बदलायची ती पत्रा आतून गंजून पापुद्रे सुटायला लागले असतील किंवा जोडावर पाणी पाझरत असेल तरच. काही टाक्यांना फ्लँजच उघडत नाही, पडदा आत कायमचा बसवलेला असतो. तो फाटला तर मात्र इलाज नाही, नवीन घ्या.

एक मात्र आधी बघा. रात्री सगळे नळ बंद असतानाही पंप मधूनच सुरू होतो का? तसं असेल तर टाकीला हात लावू नका. विहिरीतला फुटव्हॉल्व्ह (पाईपच्या टोकाची, पाणी परत उतरू न देणारी झडप) पाणी धरत नसेल, नाहीतर संडासाचा फ्लश गळत असेल. आमच्याकडे एकदा फुटव्हॉल्व्हमध्ये पालापाचोळा अडकला होता.

मी आता वर्षातून दोनदा हवा मोजतो, गणपतीच्या आधी घर साफ करताना आणि शिमग्याला. तारीख आणि आकडा मार्करने टाकीवरच लिहून ठेवतो. एका खेपेपासून दुसरीपर्यंत 2-3 पीएसआय उतरतातच.