सूज आहे, पण संसर्ग नाही

प्रश्न : बाबांना एएलएस आहे, म्हणजे स्नायूंना हालवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार. तपासणीत एसओडी१ जनुकात दोष निघाला. डॉक्टर म्हणाले, मज्जारज्जूत दाह आहे. म्हणजे जंतुसंसर्ग का? आईने त्यांचं ताट-भांडं वेगळं ठेवलंय.

उत्तर : आजच त्यांना पुन्हा सगळ्यांबरोबर जेवायला बसवा. इथे जंतूच नाहीत. दाह होतो तो मज्जारज्जूतल्या राखणदार पेशींमुळे, म्हणजे मायक्रोग्लियामुळे. एरवी या पेशी बारीक फांद्या पसरून आजूबाजूला चाचपत असतात. मरणाऱ्या चेतापेशीची किंवा दोषी प्रथिनाच्या गुठळ्यांची चाहूल लागली की फांद्या आखडतात, पेशी फुगते आणि दाह वाढवणारी रसायनं सोडू लागते. बोटाला कापलं तर असा दाह काही दिवसांत ओसरतो. बाबांच्या शरीरात मात्र दोषी प्रथिन रोज नव्याने बनतं, म्हणून तो थांबत नाही.

प्रश्न : मरतात त्या चेतापेशी. मग बिघाडही त्यांच्यातच ना?

उत्तर : दोषी जनुक ग्लिया पेशींतही, म्हणजे चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशींतही असतं; मायक्रोग्लिया त्यांतल्याच. २००६ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चेतापेशींतलं दोषी जनुक कमी केलं तेव्हा आजाराची सुरुवात लांबली. मायक्रोग्लियातलं कमी केलं तेव्हा सुरुवात ठरल्या वेळीच झाली, पण पुढची घसरण बरीच मंदावली. आजार सुरू करण्यात चेतापेशींचा वाटा मोठा, पण पुढचा वेग ग्लिया ठरवतात. म्हणूनच या पेशींकडे दुर्लक्ष होऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

प्रश्न : मिनोसायक्लिन या प्रतिजैविकाने दाह कमी होतो असं वाचलं. बाबांना सुरू करू का?

उत्तर : कृपा करून नको. उंदरांत ते उपयोगी ठरलं होतं. पण २००७ मध्ये ४१२ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा ते घेणाऱ्यांची घसरण २५ टक्के अधिक वेगाने झालेली दिसली. मायक्रोग्लिया मृत पेशींची सफाईही करतात, त्यांना सरसकट गप्प करणं धोक्याचं. त्यापेक्षा न्यूरॉलॉजिस्टना टोफर्सेनबद्दल विचारा. पाठीच्या कण्यातून दिलं जाणारं हे इंजेक्शन एसओडी१ प्रथिनाची निर्मितीच कमी करतं. फक्त याच जनुकातल्या दोषासाठी अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. लग्नाआधी तपासणी करून घे, असं नातेवाईक म्हणतात.

उत्तर : बहुतेक कुटुंबांत मुलांना हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. आधी जनुकीय समुपदेशकाशी निवांत बोला. तपासणी करायची की नाही, हे नातेवाइकांनी नाही, तुम्ही ठरवायचं.