‘ग्रॅटिट्यूड प्रॅक्टिस’ला मराठीत काय म्हणावं?

एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे: “योगवर्गात आम्हाला रोज ‘कृतज्ञतेचा सराव’ करायला सांगतात. त्यासाठी वहीसुद्धा घालायला लावली आहे. हा शब्दप्रयोग मला खटकतो. आभार, उपकार, ऋण यांतलं काय चालेल? आणि या सगळ्याने तब्येत खरंच सुधारते का?”

खटकतो ते योग्यच आहे. ‘कृतज्ञता’ बिचारी निर्दोष आहे, घोटाळा ‘सरावा’ने केला आहे. सराव पाढ्यांचा होतो, कबड्डीचा होतो. कृतज्ञता असते, वाटते, फार तर व्यक्त होते. मला विचाराल तर इथे मराठीतला जुना, घरगुती प्रयोग नेमका बसतो: जाण ठेवणे. “केलेल्याची जाण ठेव” हे आजीच्या तोंडचं वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं. ‘कृतज्ञ’ची फोड केली तरी तेच हाती येतं. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपलं ‘जाणणे’ही त्याच ‘ज्ञा’ धातूच्या घरातलं. शिवाय ‘ठेवणे’ या क्रियापदात रोजचेपणा आपोआप येतो. लक्ष ठेवणे, आठवण ठेवणे, तसंच हे. एकदा करून मोकळं होता येत नाही.

मोकळं व्हायचं असेल तर ‘आभार’ आहेत. हा शब्द आपण नेहमी अनेकवचनी वापरतो आणि त्यात ‘भार’ दडलेला आहे. कुणी आपल्यासाठी काही केलं की डोक्यावर ओझं आलं, ते मान्य करायचं, म्हणून आभार ‘मानायचे’. (धन्यवाद मात्र ‘द्यायचे’, कारण तो ‘तू धन्य आहेस’ असा उच्चार आहे.) ओझं उतरलं की माणूस ‘उतराई’ होतो, आणि उपकार तर कर्जासारखे ‘फेडावे’ लागतात. म्हणूनच घरच्या माणसाचे आभार मानले की तो दुखावतो. “आभार मानून परकं करू नका” हे त्याचं उत्तर ठरलेलं. हिशेब चुकता झाला की नातं संपल्यासारखं वाटतं, ही भीती त्यामागे आहे. सभेतले वक्ते तर जाहीरपणेच “ऋणात राहायला आवडेल” म्हणतात. त्यातलं निम्मं शोभेचं असतं, पण कल्पना अस्सल मराठी आहे. घरात ‘थँक्यू’ इतक्या सहज रुळला तो बहुधा याचमुळे. त्याला वजनच नाही. चहाचा कप हातात दिल्यावर तो म्हणावा, माझी हरकत नाही.

आता श्रद्धेचा भाग, कारण हा शब्दसंसार मुळात तिथलाच आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणं घेऊनच जन्माला येतो असं म्हटलं आहे: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. म्हणजे आधी देणं, मग आयुष्य. तुकोबा संतांविषयी लिहितात:

काय द्यावें त्यांसी व्हावें उतराई ।
ठेवितां हा पायीं जीव थोडा ॥

फेड होणार नाही हे ठाऊक असूनही यात कुठे दडपण नाही, उलट आनंदच आहे. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेतला ‘उपकारस्तुती’ हा शब्द मला फार आवडतो. उपकार फेडायचे नाहीत, त्यांची स्तुती करायची. 103व्या स्तोत्रात तर देवाचे उपकार विसरू नको असं भक्त स्वतःच्या जिवालाच बजावतो. पुन्हा जाण ठेवणंच. शेजारच्या कोकणीत ‘थँक्यू’च्या जागी ‘देव बरें करूं’ म्हणतात. तिथे फेडायचं काम देवावरच सोपवलं आहे, मोठी सोय! आपल्याकडे जेवून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतात तेही याच वळणाचं. आणि जाण माणसांपुरतीच नसते. विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून चोळतात आणि “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या” असं रीतसर निमंत्रण देतात. वर्षभर जू वाहणारा तो खांदा, म्हणून तोच चोळायचा. नेमकं कशाबद्दल ते ठाऊक असणं म्हणजे जाण.

हा नेमकेपणाच तब्येतीच्या प्रश्नाकडे नेतो. 2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्याने कटकटी लिहिल्या, तिसऱ्याने नुसत्या घटना. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा पहिला गट आयुष्याबद्दल अधिक समाधानी होता, शारीरिक तक्रारी कमी सांगत होता आणि व्यायामही जास्त करत होता. मज्जातंतू-स्नायूंचे आजार असलेल्यांनी 21 दिवस रोज असं लिहिलं, तेव्हा त्यांनी झोप जास्त आणि ताजंतवानं करणारी लागल्याचं सांगितलं. हे सगळं लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं आहे, आणि पुढे अशा प्रयोगांचे एकत्रित आढावे घेतले गेले तेव्हा परिणाम माफकच दिसला. रक्तदाबाची गोळी बंद करून वही घालू नये. पण लक्षात घ्या, या मंडळींना कुणाचे आभार मानायला सांगितलं नव्हतं. फक्त आठवून लिहायला सांगितलं होतं. म्हणून तब्येतीच्या अंगानेही ‘आभार’पेक्षा ‘जाण’च जवळची.

वहीला काय म्हणावं? ‘ऋणवही’ नको, वाण्याकडची उधारी आठवते. ‘आभारवही’त पुन्हा सभासंमेलनाचा वास. ‘उपकारस्मरण’ थोडं सोवळ्यातलं वाटतं. मी ‘जाणवही’ म्हणेन. शब्द नवा आहे, पण बोलून पाहा, जीभ अडखळत नाही. आणि वर्गात सांगताना “रोज तीन गोष्टींची जाण ठेवा” एवढं पुरे.

जाता जाता एक व्याकरणाचं आणि एक शुद्धलेखनाचं. ‘आभारी’ बोलणाऱ्याप्रमाणे चालतो, ऐकणाऱ्याप्रमाणे नाही. त्यामुळे बाईने पुरुषालाही “मी तुमची आभारी आहे” असंच म्हणायचं. आणि ‘कृतज्ञ’ व ‘कृतघ्न’ यांत एकाच जोडाक्षराचा फरक आहे. ‘घ्न’ म्हणजे मारणारा, शत्रुघ्नातला. सत्काराच्या फलकावर ‘आम्ही आपले कृतघ्न आहोत’ छापून येण्याआधी मजकूर कुणाला तरी वाचायला द्यावा.